ब्रेल पुस्तकाचं पार्सल

"परीक्षा आठ दिवसांवर आलीय आणि माझं पुस्तक तुमच्या कुलपात पडलंय!" हेमलताने पांढरी काठी पोस्टाच्या फाटकावर आपटली. देशभरातल्या टपाल संपाचा तो अकरावा दिवस होता. इतिहासाचं ते ब्रेल पुस्तक गावात दुसरं कुठेच मिळणार नव्हतं.

"ताई, संप मोडून मी पार्सलला हात लावणार नाही," संपाच्या मांडवातून तिच्या गल्लीचे पोस्टमन खरात म्हणाले. "शिव्या द्या हवं तर."

तिने दिल्याही.

संध्याकाळी दारावर ओळखीची थाप पडली. "वाचनालयातून हेच पुस्तक आणलंय, डोळसांचं," खरात म्हणाले. "पार्सल येईल तेव्हा येईल. तोवर मी वाचतो, तुम्ही ऐका."

मग रोज, दिवसभर घोषणा देऊन बसलेल्या घशाने ते तासभर वाचत. पत्ता वाचावा तसं, प्रत्येक ओळीला थांबून. पण आयुष्यभर पिनकोड वाचलेला माणूस. एकही सन चुकला नाही. पहिल्या दिवशी हेमलताला हसू आवरेना. तिसऱ्या दिवसापासून ती त्यांच्यासाठी आल्याचा काढा करून ठेवू लागली.

परीक्षेच्या आदल्या सकाळी संप मिटला. खरातांनी सगळ्यात आधी तिचं पार्सल आणून हातात दिलं.

तिने ते फोडलंसुद्धा नाही.

"आता पळा, काका. सगळं गाव तुमची वाट बघतंय," ती म्हणाली. "पण संध्याकाळी या. शेवटचं प्रकरण राहिलंय."