चौथा बोल्ट

थोरल्या मुलीला जुळं झालं त्या वर्षीच्या उन्हाळ्यात बारक्याने वडिलांचं गवत कापायचं मशीन दुरुस्तीला काढलं. नाव बारक्या, वय बावन्न, आणि पोट शर्टाच्या गुंड्यांचं न ऐकणारं. मशीन हाताने ढकलायचं, बिडाचं, त्याच्याहूनही थोरलं. चारांतला एक बोल्ट कुठेतरी गळून पडला होता आणि त्याच्यावाचून पात्यांचा रूळ डुगडुगत होता.

"रविवारी भंगारवाला येतोय," बायको म्हणाली. "तोवर चाललं तर ठेवू. नाहीतर माया पुरे."

उरलेल्यांतला एक बोल्ट खिशात घालून बारक्याने दुकानं पालथी घातली. इंचातले नट झाले, मिलिमीटरचे झाले. प्रत्येक नट दोन फेरे जाई आणि रुसून बसे. पाचव्या दुकानदाराने हात टेकले. "अहो, हा बोल्ट आहे की उपवर मुलगा? कुणी पसंतच पडेना!"

आता बोल्ट नवा कातून घ्यायला एकच लेथ राहिला होता, काकांचा. दोघा भावांचं बोलणं तुटल्यापासून त्या दारात घरचं कुणी बावीस वर्षांत गेलं नव्हतं. वडील गेले त्या दिवशीही काका फाटकापाशी घटकाभर उभे राहून परत फिरले होते.

शनिवारी सकाळी बारक्या गेला. काकांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला. बोल्ट नुसता बोटांत फिरवून पाहिला. आटे मोजायचं पातं काढलंसुद्धा नाही.

"कुठलं माप हे, काका?"

"कुठलंच नाही. तेव्हा लेथला एक चाक चुकीच्या दात्यांचं बसलं होतं. त्याच्यावर मी तुझ्या बापाच्या मशीनची बूश केली, बोल्ट जिच्यात बसतो ती, आट्यांसकट. दोघांनी मिळून बसवली. चूक पुढे कळली, चाक बदललं. बूश राहिली तशीच."

त्यांनी भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेलं एक दातेरी चाक उतरवलं. सगळ्या कारखान्यावर धूळ होती, त्या चाकावर तेल होतं.

"चुकीचं होतं तर फेकलं का नाहीत?"

"एक गिऱ्हाईक होतं." काका चाक चढवू लागले. "दर उन्हाळ्यात एक माळी यायचा. बोल्ट पुढे ठेवायचा, म्हणायचा, 'असाच एक.' कुणाचा, ते मी विचारलं नाही. त्याने सांगितलं नाही."

बारक्या बसगाड्यांचा मेकॅनिक. त्याला राहवलं नाही. "पण बाबांनी नवी बूश बसवून घेतली असती तर बाजारचा कुठलाही बोल्ट चालला असता. अर्ध्या तासाचं काम."

"मग? तुझ्या बापाला ते ठाऊक नव्हतं असं वाटतं तुला?"

लेथ सुरू झाला. बोल्ट झाल्यावर काकांनी हात पुसले आणि चपला शोधल्या. "चल. तू आवळशील बसगाडीसारखा, आणि बूश फोडून ठेवशील."

अंगणात काका मांडी घालून बसले. बोल्ट दोन बोटांनीच फिरत फिरत शेवटपर्यंत आत गेला. रूळ डुगडुगायचा थांबला. पायरीवर बसून बघणारी आई उठली, घरात गेली आणि पत्र्याचा एक डबा घेऊन आली.

"भावजी, हे यांच्या कपाटात होतं. मला कधी हात लावू दिला नाही. बघा बरं, काय आहे."

काकांनी झाकण काढलं. तेलकट फडक्यात बोल्ट होते, डबा भरत आलेला. काकांनी एकेक उचलून उजेडात धरला. एकावरही पान्याचा ओरखडा नव्हता.

"म्हणजे एकही लावला नाही?" बारक्या म्हणाला. "मग दर वर्षी मागवायचे कशाला?"

काकांनी बोल्ट होते तसे फडक्यात गुंडाळले.

"वहिनी, चहात साखर अजून जास्तच घालता का?"

"पिऊनच सांगा," आई म्हणाली आणि आत वळली.

वडील त्या वर्षी फेब्रुवारीच्या नऊ तारखेला गेले होते. काका नोव्हेंबरच्या चार तारखेला गेले.