चाळीस कार्डं

"आई, तू नापास झालीस ना?"

हा प्रश्न विचारायची पैज स्कूलबसमध्येच लागली होती. "विचारून दाखव, मग मानलं तुला!" लैला स्वराला म्हणाली होती. बसमधल्याच तबस्सुमची अम्मी आणि स्वराची आई नीला एकाच वॉर्डात नर्स. दोघींनी जर्मनीतल्या नोकरीसाठी भाषेची परीक्षा बरोबरच दिली. पास झालेलीने वॉर्डात मिठाई वाटायची, हा नर्सेसचा नियमच. अम्मीने महिन्यापूर्वी वाटली. नीलाने नाही.

नीला भेंडी चिरत होती. "हो," ती म्हणाली. मान वर केली नाही.

स्वराने मनात हिशेब केला. बाबांची नोकरी रमजानमध्येच गेली होती. आईचं कॉन्ट्रॅक्ट या महिन्यात संपणार. मग आखातातला, अबू हलीफाचा हा फ्लॅट सोडायचा आणि गावी जाऊन खायचं काय?

"परत बस परीक्षेला! मी घेते तयारी करून. आत्ताच!"

तिने कार्डांचा गठ्ठा ओढला. तिनेच बनवलेली चाळीस कार्डं. स्पेलिंग एकच, पण युरोपात जाल तिथे अर्थ वेगळा. आई दरवेळी इंग्रजी अर्थ सांगून तिथेच अडायची.

"गिफ्ट?"

"इंग्रजीत भेट. जर्मनमध्ये विष. स्वीडिशमध्ये लग्न झालेला."

"तिन्ही मलाच लागू," बाबा सोफ्यावरून म्हणाले. कोणी हसलं नाही.

"हेल?"

"इंग्रजीत नरक. जर्मनमध्ये लख्ख. नॉर्वेजियनमध्ये नशीब."

स्वरा विचारत सुटली. गठ्ठा संपला. चाळीसपैकी एकही चुकलं नाही.

"एवढं येतं तुला! मग नापास कशी झालीस?"

सुरी थांबली.

"नाही झाले." नीलाने पर्समधून घडी घातलेलं पत्र काढलं. जर्मनीतल्या हॉस्पिटलचं. होकार कळवायचा होता, शेवटची तारीख आजची. "पहिली दोन वर्षं एकटीनेच राहायचंय. तुला सोडून नाही राहता येणार मला. संध्याकाळ झाली की मुदत संपली असती, सुटले असते मी."

"नीला, अगं मला तरी सांगायचंस!" बाबा ताडकन उठले.

स्वरा रडत होती आणि लॅपटॉपही उघडत होती. नाक पुसून तिने तो आईपुढे सरकवला.

"आई, बाबा, ठरलं. मी आणि बाबा गावी कणकवलीला राहणार, अकरावी-बारावी मी तिथेच करणार. आई, तू होकार टाईप कर. आणि दोन वर्षांनी तिकडच्या विमानतळावर आम्हाला न्यायला ये."