आखूड तार

“रोक्कोच्या खिडकीखाली उभी राहून गाणार आहे मी. भर दिवसा. तारा अशा लाव की गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं पाहिजे,” ओर्सोला म्हणाली आणि तिने धुळीने माखलेलं गिटार वाद्यं दुरुस्त करणाऱ्या ब्रुनोच्या टेबलावर जवळजवळ आपटलंच.

ब्रुनोने आधी गिटार सावरलं, मग तिच्याकडे पाहिलं. बाईने साठी ओलांडली होती, पण राग ताजा होता. चाळीस वर्षांपूर्वी तिचं रोक्कोशी लग्न ठरलं होतं. लग्न तोंडावर आलं आणि एका रात्री तिच्या खिडकीखाली हेटाळणीचं गाणं झालं. दक्षिण इटलीतल्या कालाब्रियाच्या या डोंगरांत मुलगी नकोशी झाली की पुरुष असं गातो. अंधारात उभा राहतो, आवाज बदलून नाकातून गातो आणि कडव्याकडव्यात तिचं नाव घेऊन तिची अब्रू काढतो. तिचा थोरला भाऊ दामियानो गाणाऱ्याच्या मागे धावला आणि हे गिटार हिसकावून घेऊन आला. “रोक्कोच होता,” म्हणाला. सकाळी ओर्सोलाने रोक्कोची अंगठी त्याच्याच तोंडावर फेकली. तो शपथांवर शपथा घेत राहिला. कोण ऐकतंय? शेवटी तो जर्मनीला निघून गेला. ओर्सोलाला पुन्हा कुणी मागणी घातली नाही. ती भावाचं घर सांभाळत राहिली. आणि काल रोक्को परत आला होता, कायमचा.

“मावशी, हे आपल्या खोऱ्यातलं नाही,” ब्रुनो धूळ पुसता पुसता म्हणाला. “तारांच्या पाच जोड्या आहेत, पाठ पिंपासारखी फुगीर, तेवढं ठीक. पण ही बघा, मान जिथे पोटाला मिळते तिथे एक जादा खुंटी. हिच्यावर आखूड तार लागते. अशी गिटारं डोंगरापलीकडे करतात.”

“कुठलं का असेना. रोक्कोचं आहे ते. तू लाव.”

ब्रुनोने नव्या तारा चढवल्या, एकेक जोडी जुळवत गेला. आखूड तारेपाशी मात्र अडला. ती कोणत्या सुरात लावतात हे त्याच्या बापालाही ठाऊक नव्हतं. तेवढ्यात धापा टाकत दामियानो दारात उभा राहिला.

“माळ्यावर चढायला कुणी सांगितलं होतं तुला? या वयात तमाशा करतेस? लोक तोंडात शेण घालतील!”

“घालून झालंय त्यांचं. तू तुझं बघ.”

“सोडून दे, ओर्सोला. म्हातारा झालाय बिचारा.”

“बिचारा? चाळीस वर्षं त्याचं नाव निघालं की थुंकत होतास. आज कीव आली होय?”

या भावाबहिणीच्या भांडणात नाक खुपसण्यापेक्षा आपलं काम बरं, असा विचार करून ब्रुनो आखूड तार पिळत राहिला. ती सगळ्यांत वरच्या जोडीशी जुळली. त्याने एकदा छेडून पाहिलं. बाळाला निजवावं असा गोड आवाज आला. दामियानोचं तोंड वाकडं झालं. ब्रुनोने पुन्हा छेडलं.

“अरे गाढवा, चढवतोस काय!” दामियानो खेकसला. “ती सुरात नसते लावायची! अर्धा सूर खाली सोड. टोचली पाहिजे ती. असल्या गोड तारेवर कुणाची हेटाळणी होणार आहे?”

ब्रुनोने खुंटी सैल केली आणि हात फिरवला. नखाखाली सुई जावी तसा आवाज निघाला. ओर्सोलाने टेबलाची कड घट्ट धरली. हा आवाज ती जन्मात विसरली नव्हती.

“तुला तर गिटार धरताही येत नाही म्हणायचास,” ती म्हणाली.

“ऐकलं असेल कुठेतरी.”

“कुठे? डोंगरापलीकडे लाकूडतोडीला तू जात होतास. रोक्कोने तो डोंगर कधी ओलांडला नाही.”

दामियानोने गिटारावर झडप घातली. ओर्सोलाने ते आधीच उचललं होतं. ती तडक बाहेर चौकात गेली. बाजार भरलेला होता. पाण्याच्या कारंज्यापाशी उभी राहून तिने उघड्या पंजाने सगळ्या तारांवर एकदम तडाखा मारला आणि गायला लागली. कडवी तिने रोक्कोसाठी घोटून ठेवली होती, पण नाव घेतलं दामियानोचं. मासळीवाल्याचा सुरा हातातच राहिला. न्हाव्याच्या दुकानातून गालाला साबण लावलेला माणूस तसाच बाहेर आला.

“बंद कर!” दामियानो ओरडला. “सगळं गाव बघतंय!”

“बघू दे. का केलंस ते सांग, बंद करते.”

“घरी चल, घरी सांगतो.”

तिने पुन्हा तडाखा मारला आणि त्याचं नाव आणखी वरच्या पट्टीत घेतलं. दामियानोच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. मघाशी दुकानात सुटला होता तसाच त्याचा तोल पुन्हा सुटला.

“आई नुकतीच गेली होती!” तो भर चौकात किंचाळला. “तूही गेली असतीस तर मला दोन वेळचं रांधून कुणी घातलं असतं?”