बर्फावरचं मीठ

करकर करत दांडा फिरला आणि दुपारचं सामसूम घर दचकलं. शलाका माहेरून आणलेला आइस्क्रीमचा लाकडी पॉट रिकामाच फिरवून बघत होती. लग्न होऊन ती या घरात आली, त्याला दोन महिने झाले होते. पण नवऱ्याची सात वर्षांची आईवेगळी लेक, जुई, तिच्याशी अवाक्षर बोलत नव्हती. काही विचारलं की मान हलवायची, बस्स. आताही दाराआडूनच बघत होती.

शलाकानं आटवलेलं दूध आणि आमरस डब्यात ओतला, भोवती बर्फ भरला आणि त्यावर मूठभर जाडं मीठ टाकलं.

“अगं, मीठ काय टाकतेस? वेडी की काय!”

शलाकाचा हात थबकला. ‘अगं’! पण तिनं चेहरा साधाच ठेवला. “डब्यात नाही टाकलं, बर्फात टाकलं. त्यानं आणखी गार होतं. बघ बोट लावून.”

जुईनं बोट लावलं आणि ती किंचाळून हसली. मग दांडाच हिसकावून घेऊन घामाघूम होईस्तोवर फिरवत राहिली.

शेवटी पहिला चमचा तोंडात घोळवत ती शलाकाला टेकून बसली.

“माझ्या आईला कुठलं आइस्क्रीम आवडायचं गं? बाबांना विचारशील?”