पाठीवरच्या तीन रेघा

“आता काळजीचं कारण नाही, डॉक्टरबाई,” फरशीवाला म्हणाला. “मी रोज ठोकून बघतोय. खालून पार भरीव वाजतंय. कुठे म्हणून पोकळ नाही!”

त्याची बायको तपासणीच्या पलंगावर पुढे वाकून बसली होती. न्यूमोनियाचा ताप उतरून पुन्हा चढला होता, आणि दहा दिवसांत तिला एक वाक्य धड पुरं करता आलं नव्हतं. “मी यांना… म्हटलं… की मला…” एवढ्यावरच ती थांबली.

डॉक्टरबाईंनी पाठीवरचा कपडा वर केला आणि बघतच राहिल्या. उजव्या बाजूला निळ्या मार्करने ओढलेल्या तीन आडव्या रेघा, एकीच्या वर एक.

“हे काय?”

“खुणा. सोमवार, मंगळवार, बुधवार. भरीव आवाज कुठवर आला त्याच्या.” गडी खुशीत होता. पंचवीस वर्षं त्याने दुसरं केलं काय? फरशी बसली की ठोकायची. पोकळ वाजली तर उखडायची, भरीव वाजली की काम फत्ते. मागच्या खेपेला डॉक्टरबाईंना हिच्या पाठीवर बोटाने ठोकताना पाहिलं आणि त्याला वाटलं, अरेच्चा, हे तर आपलंच काम!

डॉक्टरबाईंनी ठोकून पाहिलं. आवाज बुधवारच्या रेघेच्याही दोन बोटं वर गेला होता.

“अहो, छाती पोकळच वाजायला हवी. आत हवा असते. भरीव वाजतंय म्हणजे फुप्फुसाभोवती पाणी साचलंय.”

फरशीवाल्याचं तोंड एवढंसं झालं. “म्हणजे तीन दिवस ही आत बुडत होती, आणि मी शाबासकी देत होतो?”

“उशीर झाला, हे खरं. पण पाणी किती झपाट्याने चढतंय, ते या रेघांमुळेच कळलं. नाहीतर मी छातीच्या एक्स-रेसाठी उद्याची वेळ दिली असती. आता थांबायचं नाही.”

सोनोग्राफी झाली. पाठ बधिर करून दोन फासळ्यांमधून सुई गेली आणि बाटलीत पिवळसर पाणी उतरायला लागलं. फरशीवाल्याने बायकोचे दोन्ही हात घट्ट धरले होते. त्याला बघवत नव्हतं आणि नजरही हलत नव्हती. लिटरभर निघालं.

“औषधं चालू राहतील,” डॉक्टरबाई पट्टी लावत म्हणाल्या. “पण वेळेत निघालं. घ्या बघू हळूच श्वास.”

तिने घेतला. खोकली. पुन्हा घेतला, चांगला पोटापर्यंत. मग नवऱ्याकडे वळली.

“अहो, मी जीव तोडून सांगतेय की आडवं पडलं की बुडल्यासारखं होतंय, आणि तुम्ही मला पालथी घालून ठोकताय, वर निळे पट्टे ओढताय आणि शेजारणीला सांगताय की बायको एकदम मजबूत झालीय, अहो, तुमचं डोकं ठोकलं तर काय वाजेल ते मला लग्नाच्या दिवसापासून ठाऊक आहे!”

एका दमात.

फरशीवाल्याने डॉक्टरबाईंना हात जोडले. मग तो बायकोपुढे स्टूल ओढून बसला.

“आणखी बोल.”

“झालं की.”

“कुठे झालं? दहा दिवसांचं राहिलंय.”