दुखवट्याची सभा

"गणसंख्येअभावी सभा तहकूब," चिटणीस वामनराव ठोसर माळावर एकटेच मोठ्यानं म्हणाले. राष्ट्रीय विद्यापीठ आणि हुतात्मा स्मारक समितीची सभा दरवर्षी इथंच, चाळीस वर्षांपूर्वी बसवलेल्या कोनशिलेपाशी भरायची. कोनशिलेपुढं काम सरकलंच नव्हतं.

नियमाप्रमाणे अर्धा तास थांबून त्यांनी तीच सभा पुन्हा भरवली. आता गणसंख्येची अट नव्हती. विषय एकच, अध्यक्षांच्या दुखवट्याचा ठराव. समितीत वामनरावांखेरीज ते अध्यक्षच काय ते उरले होते.

शेळ्या राखणारी कोंडाबाई शिळेला टेकून भाकरी खात होती. "कुणी वारलं व्हय? मग काय करायचं असतंय?" तिनं विचारलं.

"दोन मिनिटं गप्प उभं राहायचं."

तिनं हात झटकले, पदर डोक्यावर घेतला आणि त्यांच्याशेजारी उभी राहिली.

दोन मिनिटं केव्हाच उलटली, पण वामनरावांना "बसा" म्हणवेना.