उजळणीचा तास

शिपायाने दारातच नलावडे बाईंना हळूच सांगितलं, “केतकीचे वडील अपघातात गेले. काका न्यायला येताहेत. तोवर तिला कळू देऊ नका.”

बाई वर्गात परतल्या आणि दहावीची बीजगणिताची उजळणी पुढे सुरू झाली. “पद बाजू बदलताना चिन्ह बदलतं,” त्या म्हणाल्या. स्वतःचाच आवाज त्यांना परका वाटला.

एरवी गणिताला भिणारी केतकी आज आपणहून फळ्याशी आली. एकेक पायरी मांडत तिने एक्सची किंमत काढली. “बरोबर ना, बाई?”

“अगदी बरोबर.” बाईंना रडूसुद्धा येत नव्हतं.

तेवढ्यात काका दाराशी आले. “काका, पप्पांना सांगा, मला जमलं!” केतकी म्हणाली. काकांनी मान खाली घातली.

बाईंनी तिचा खडूने माखलेला हात धरला. “चल, मीही येते.”